राजाच्या कांद्यावर हात

सुवर्णा आहेरने त्या शब्दाभोवती लाल वर्तुळ काढलं, समासात 'ख नव्हे, क' असं लिहिलं आणि समाधानाने पान उलटलं.

नव्या आवृत्तीची मुद्रितं तपासायला घेतल्यापासून इतकी ढळढळीत चूक तिला पहिल्यांदाच सापडली होती. आतापर्यंतच्या चुका किरकोळ होत्या. कुठे वेलांटी ऱ्हस्व, कुठे अनुस्वार गळालेला. इथे मात्र कुणीतरी चक्क कांद्याचा खांदा करून टाकला होता. आणि कांदा तरी कुणाचा? साक्षात राजा तमोघ्नाचा.

'धूम्रलोक' ही पुरुषोत्तम दुसाने यांची सात भागांची कादंबरीमाला. धुराने वेढलेलं राज्य, बोलणारे डोंगर, शापित तलवारी, आणि गादीवर बसायला लागू नये म्हणून पळ काढत राहणारा युवराज नीहार. सुवर्णा शाळेत होती तेव्हा देवळ्याच्या मुलांना या पुस्तकांनी झपाटलं होतं. प्रत एक आणि वाचणारे डझनभर, म्हणून दुसऱ्या भागाची शिवण उसवून त्यांनी प्रकरणं वाटून घेतली होती. त्यामुळे त्यांच्यातल्या काही जणांना सेनापती आधी मेलेला आणि मग जन्मलेला आठवतो, आणि त्यांना त्यात काही वावगं वाटत नाही.

तिसरा भाग सुवर्णाने वाढदिवसाला मागून घेतला होता. तो उसवायला तिने साफ नकार दिला. त्याऐवजी शाळा सुटल्यावर पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर बसून ती तो सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवायची. एक शब्द इकडचा तिकडे न करता, स्वल्पविरामाला थांबून. आणि अशीच एके दिवशी ती त्या वाक्यापाशी आली: 'मरणाला टेकलेल्या राजाने डोळे मिटले. युवराज नीहारने त्याच्या कांद्यावर हात ठेवला आणि तो म्हणाला, "महाराज, हे ओझं आता माझं."'

दुसऱ्या कुठल्या गावची मुलं असती तर हसली असती. देवळ्याची मुलं गंभीर झाली. कारण पहिल्या भागापासून राजाच्या कमरेला एक पोटली बांधलेली होती. ती कुणी सोडलेली नव्हती, आणि तिच्यात काय आहे हे लेखकाने सांगितलेलं नव्हतं. आता उलगडा झाला. मरताना माणूस राज्यातली सगळ्यांत मोलाची वस्तू जवळ धरणार. ती कांदा असणार, नाहीतर काय? भाव चढला की वर्गात नवी दप्तरं दिसायची आणि पडला की गुरुजीसुद्धा वसावसा ओरडायचे, अशा गावात हे वेगळं सांगायची गरज नव्हती.

त्या दिवसापासून कांद्यावर हात ठेवून घेतलेली शपथ कुणी मोडली नाही. गृहपाठ कुणाचा चोरला, चेंडू कुणी हरवला, सगळं कांद्यावर हात ठेवला की बाहेर यायचं. मुलं मोठी झाली, पांगली, पण शपथ टिकली. वर्गातल्या रविराज देवरेने तर बायकोला मागणीही कांद्यावर हात ठेवून घातली होती, आणि बायको चांदवडची, म्हणजे कांद्याच्याच मुलखातली असल्यामुळे तिला ते रीतसर वाटलं होतं. त्यांच्या मुलीचं नाव नीहारिका.

सुवर्णाचाही या शास्त्राला हातभार होता. पाचव्या भागात युवराज एकटाच बसून ती पोटली सोडतो आणि 'त्याच्या डोळ्यांना धारा लागतात', एवढंच लिहिलेलं आहे. बी.एस्सी.ला असताना तिने या मुलांनी काढलेल्या धूम्रलोकी मंडळाच्या बैठकीत फळ्यावर मांडून दाखवलं होतं की कांद्याच्या पेशी फुटल्या की एक वायू तयार होतो, तो डोळ्यांतल्या ओलाव्यात मिसळतो आणि पाणी येतं. अखंड कांद्याने असं होणार नाही, त्या अर्थी कांदा पोटलीत चेपला गेला असणार. सगळ्यांनी ते मान खाली घालून ऐकलं होतं. रविराजला तर मध्येच एवढा ठसका लागला की तो बाहेर जाऊन उभा राहिला होता.

आता ती नाशिकमध्ये एका प्रयोगशाळेत होती. परदेशी जाणाऱ्या द्राक्षांवर फवारणीच्या औषधांचा अंश किती राहिलाय हे तपासायचं तिचं काम. 'धूम्रलोक'च्या प्रकाशकांची दिंडोरीला द्राक्षबाग होती. ते नमुने घेऊन आले, तिच्या टेबलावर तिसरा भाग पाहिला आणि मुद्रितं तपासून द्याल का म्हणाले. तिने ही गोष्ट मंडळात कुणाला सांगितली नव्हती. पुस्तक हातात देऊन सगळ्यांना चकित करायचा बेत होता.

मुद्रितं परत गेल्यावर प्रकाशकांचा फोन आला.

"मॅडम, काम एक नंबर केलंत. फक्त तो खांदा आहे ना, तो खांदाच राहू द्या."

"कांदा," सुवर्णा म्हणाली.

"खांदा."

"क कमळातला."

"ख खटाऱ्यातला, मॅडम. सरांनी खांदाच लिहिलाय. पहिल्या आवृत्तीत बघा, खांदाच आहे. दुसऱ्या आवृत्तीत आमच्याकडून घोटाळा झाला होता. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

सुवर्णाने फोन ठेवला. कपाटातून आपली प्रत काढली. ती प्रत दुसऱ्या आवृत्तीची होती आणि आयुष्यभर तिने तीच वाचली होती. तिने ते वाक्य मनात 'खांद्यावर' असं वाचून पाहिलं. वाक्य एकदम सरळ झालं. ओझं खांद्यावरच असतं की! कांद्यावर कशाला असेल? तिने संगणकाच्या कळफलकाकडे पाहिलं. ज्या कळेवर क असतो त्याच कळेवर, शिफ्ट दाबली की ख उमटतो. कधीकाळी कुणाचं तरी एक बोट शिफ्टवर पोचलं नव्हतं, एवढंच.

तिला स्वतःचं काही वाटलं नाही, निदान तिची तशी समजूत होती. तिच्या डोळ्यांपुढे आला तो रविराज.

रविराज लासलगावला कांद्याचा व्यापारी होता आणि धूम्रलोकी मंडळाचा तहहयात अध्यक्ष. मंडळाचा मेळावा दरवर्षी कांदेनवमीला भरायचा. चातुर्मास लागला की घरोघरी कांदा बंद, म्हणून त्याआधी या दिवशी लोक पोटभर कांदा खाऊन घेतात. मंडळाला याहून पवित्र मुहूर्त सापडणं शक्य नव्हतं. वर्षभर सुवर्णा 'मॅडम' असायची. त्या एका दिवशी ती राखाडी उपरणं गळ्यात घालून, बोलणारे डोंगर कुठल्या भाषेत बोलत असतील यावर ओळखीच्या माणसांशी तावातावाने भांडायची. बाकीचे लग्न, मुलं, भाव, बदल्या यांत गुरफटलेले. पण त्या दिवशी सगळे यायचे. आणि यंदा पहिल्यांदाच खुद्द दुसाने सर प्रमुख पाहुणे म्हणून येणार होते. रविराज 'राजाचा कांदा: एक चिंतन' हे भाषण करणार होता आणि मग सर स्वतः सगळ्यांना कांद्यावर हात ठेवून शपथ देणार होते. सरांना अर्थात या कांद्याचं काहीच माहीत नव्हतं.

म्हणजे भर सभेत सर विचारणार, "कसला कांदा?" आणि रविराजचं तोंड कसं होईल? मेळावा पुढच्या वर्षी कशाच्या जोरावर भरणार?

तिने त्याला फोन लावला.

"रवी, एक विचारायचं होतं."

"विचार ना. पण जोरात विचार, लिलाव चालूय."

"समजा, तो कांदा नसता तर?"

"कोणता? उन्हाळ का लाल?"

"राजाचा."

पलीकडे बोली लावणाऱ्याचा आवाज मागे मागे पडत गेला. मग रविराज हलक्या आवाजात म्हणाला, "तब्येत बरी हाय ना तुझी?"

"बरी आहे. सहज विचारलं."

"कोणी काही बोललं का तुला? नाव सांग फक्त."

"नाही रे. कोण बोलणार?"

"मग असलं अभद्र बोलत जाऊ नको, सुवर्णे. कांदा नसता म्हणे! जेवलीस का? जेव आधी."

त्याचा आवाज चक्क कापत होता. सुवर्णाने ठरवलं, याला कळता कामा नये. मग उरला एकच मार्ग, सरांना आधी गाठणं.

दुसाने सर गंगापूर रोडच्या मागे एका शांत गल्लीत राहत. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, काटकुळे, ताठ बसणारे. दातांची कवळी नुकतीच नवी बसवली होती आणि ती अजून त्यांना मानवत नव्हती. त्यांच्या पत्नी मालनबाई पलीकडे वाटाणे सोलत होत्या. सुवर्णाने शक्य तितक्या क्रमवार सगळं सांगितलं.

"कांदा," सर म्हणाले.

"हो सर."

"म्हणजे दर दिवाळीला एक पोतं येतं ते..."

"मंडळाकडून, सर. मानाचे कांदे."

"मला वाटायचं, लोकांचा समज आहे की मराठी साहित्यिकाची जेवणाची आबाळ होते."

"होतीच," मालनबाई म्हणाल्या. "ह्या घरात कांदा विकत आणलेला मला तरी आठवत नाही."

सर उठून उभे राहिले. "बाई, मी लोकांना बोलणारे डोंगर दिले. शापित तलवारी दिल्या. धुरातून एक सबंध राज्य उभं केलं, त्याचे नकाशे काढले. आणि त्यातून यांनी काय उचललं? कांदा!"

"मग पोटलीत काय होतं, सर?"

"ते गूढ आहे."

"ह्यांनाच माहीत नाही," मालनबाई म्हणाल्या.

"मालन!"

"मग सांगा की. मी कधीपासून विचारतेय."

सर परत बसले. "सातव्या भागात सांगणार होतो," ते पडेल आवाजात म्हणाले. "तेव्हा नेमके पेन्शनचे कागद चालू होते. राहून गेलं."

सुवर्णाने तेवढ्यात विनंती करून घेतली: सरांनी फक्त एक दिवस काही खुलासा करू नये. शपथ द्यावी, भजी खावीत, घरी यावं. लोक चांगले आहेत. अध्यक्ष तर फारच हळवे आहेत.

"तुम्ही तुमच्या तपासणीच्या अहवालात असत्य लिहिता का?" सरांनी विचारलं.

"नाही."

"कुणी हळवा शेतकरी आला तरी?"

"नाही."

"मग मी का लिहावं? मी व्यासपीठावरून स्पष्ट सांगणार. क म्हणजे क!"

सुवर्णाला क्षणभर आशा वाटली. मग तिच्या लक्षात आलं की सरांना ख म्हणायचं होतं. नव्या कवळीतून तो बाहेर येईपर्यंत क होत होता.

"वाटाणे घेऊन जा थोडे," मालनबाई म्हणाल्या.

कांदेनवमीला पंचवटीतलं एक मंगल कार्यालय घेतलं होतं. 'धूम्रलोकी मंडळ' हे नाव ऐकून तिथल्या व्यवस्थापकाने आपल्या बुद्धीने दारात 'बिडी-सिगारेट सोडा, संसार जोडा' असा फलक लावून ठेवला होता. तो काढायला वेळ नव्हता. एक वाट चुकलेले गृहस्थ तो वाचून आत आले आणि शेवटपर्यंत बसले. मागच्या अंगाला कढई चढलेली होती. प्रत्येक खुर्चीवर राखाडी उपरणं आणि एक कांदा. रविराजने कांदे स्वतः निवडून आणले होते, सगळे एका मापाचे.

"काय निवडलाय माल, बघ," तो सुवर्णाला म्हणाला. "सर बघतील तर रडतील."

"रवी, भाषण थोडं आवरतं घे ना. किंवा राहूच दे या वर्षी."

"का?" त्याने तिच्याकडे काळजीने पाहिलं. "तू वही आणली नाय का यंदा?"

"आणलीय."

"मग झालं तर. बस पुढं."

भाषण आवरतं झालं नाही. "कांद्याचा वरचा पापुद्रा म्हणजे राज्य," रविराज म्हणाला. "त्याच्या खालचा म्हणजे कर्तव्य. त्याच्या खालचा म्हणजे त्याग. आणि तो काढल्यावर काय राहतं? परत कांदाच राहतो, मित्रहो!" टाळ्या पडल्या. सुवर्णा टिपणं काढत होती. व्यासपीठावर दुसाने सर रविराजकडे अशा नजरेने पाहत होते, जिची धार शापित तलवारीलाही कधी नसेल.

मग सर ध्वनिक्षेपकापाशी आले. ध्वनिक्षेपक आधी किंचाळला, मग घोगरा झाला.

"मित्रांनो," सर म्हणाले, "मला आज एक सत्य सांगायचं आहे. राजाचा तो कांदा नव्हता. तो कांदा होता!"

मग मागून कुणीतरी "वा!" म्हणालं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या रांगेतल्या ज्ञानेशने, जो वणीला शाळेत शिकवायचा आणि असल्या वाक्यांचा भोक्ता होता, डोळे मिटून मान डोलावली.

"नाही, नाही," सर म्हणाले. "नीट ऐका. मी लिहिलं कांदा. छापलं गेलं कांदा. तुम्ही वाचलंत कांदा, पण आहे तो कांदा!"

पुन्हा टाळ्या. वाट चुकलेल्या गृहस्थांनीही वाजवल्या.

"क नाही हो! क! क!" सरांनी इतका जोर लावला की त्यांना खोकला आला. "ख्ख! ख्ख!" हा पहिला खरा ख होता, पण मालनबाई तोवर पाणी आणि खडीसाखर घेऊन धावल्या होत्या.

पाणी पिऊन सरांनी शेवटचा उपाय केला. त्यांनी आपला उजवा हात उचलून स्वतःच्या डाव्या खांद्यावर थापटला. एकदा, दोनदा. सगळ्या सभागृहाकडे पाहत.

सभागृहाला समजलं. शपथेची खरी पद्धत ही होती तर! सगळे उठून उभे राहिले आणि प्रत्येकाने आपला कांदा आपल्या डाव्या खांद्यावर ठेवून वर हात धरला. ज्यांचे खांदे उतरते होते त्यांचे कांदे घरंगळले. ते पकडायला शेजारचे वाकले, तर त्यांचेही गेले. थोड्या वेळाने खुर्च्यांखाली सगळीकडे कांदेच कांदे आणि त्यांच्या मागे राखाडी उपरण्यातली माणसं रांगताना दिसू लागली. सर हताश होऊन हे पाहत उभे होते. मग त्यांची नजर सुवर्णावर पडली. उभी असलेली तेवढी ती एकटीच होती.

"मॅडम," सर म्हणाले, "या. तुम्ही शास्त्राच्या. तुम्हीच सांगा यांना."

सुवर्णा वर गेली. तिच्या हातात ध्वनिक्षेपक आला. लोक एकेक करत खुर्च्यांखालून बाहेर येऊन बसले. रविराज समोर छातीशी चार कांदे धरून उभा होता, आणि तिच्याकडे बघून त्याने उगाच मान हलवली, नको नको अशी.

तिला वाटलं, सांगावं की सर बरोबर म्हणतात, कांदा तो कांदाच. आणि सगळ्यांना भज्यांकडे पाठवून द्यावं. जमण्यासारखं होतं. पण तिने उभ्या आयुष्यात एका द्राक्षाविषयीसुद्धा खोटं सांगितलं नव्हतं.

"सर खांदा म्हणतायत," ती म्हणाली. "ख, खटाऱ्यातला. पुस्तकात मुळात खांदा होता. युवराजाने राजाच्या खांद्यावर हात ठेवला. आपल्या प्रतीत कांदा छापला गेला, ती छपाईची चूक होती. मला हे आत्ता आत्ता कळलं. रवी, मला माफ कर."

मागच्या कढईचा चर्रर्र आवाज तेवढा येत होता.

"माहितीये," रविराज म्हणाला.

"काय माहितीये?"

"खांदा ते. बारावीला असताना इथं वाचनालयात पहिली आवृत्ती बघितली होती मी."

"मला कॉलेजात कळलं," ज्ञानेश म्हणाला. "पुण्याच्या मुलांनी लय टर उडवली होती माझी."

"मला लग्नानंतर," मागून शाळेतली पूजा म्हणाली. "सासूबाईंकडे होती ती प्रत."

सुवर्णाने सभागृहाकडे पाहिलं. "कुणाकुणाला माहीत होतं?"

हात वर झाले. काही हात संकोचाने, काही कांद्यासकट. सगळेच. वाट चुकलेल्या गृहस्थांनी इकडेतिकडे पाहून आपलाही हात वर केला.

"मग कुणी बोललं का नाही?"

"तुझ्यामुळं," रविराज म्हणाला. "आता ऐकूनच घे. त्या वर्षी ठरलं होतं तुला सांगायचं. मीच सांगणार होतो. तर तू आलीस ती थेट फळ्यावर गेलीस. वायू काय, पेशी काय, बाण काय काढलेस, बाई! कांदा चेपला गेला असणार म्हणे. मला बाहेर जाऊन तोंडात उपरणं कोंबावं लागलं. एवढं शास्त्र मांडल्यावर कोणाची छाती होणार?"

"म्हणजे इतकी वर्षं तुम्ही कुणीच मानत नव्हता?"

"मानत होतो की. सगळेच मानत होतो. पण गंमत म्हणून." तो जरा थांबला. "तू खरं मानत होतीस."

सुवर्णाचे कान लाल झाले. या सभागृहात सगळ्यांत जास्त शिकलेली ती, मापात काटेकोर ती, आणि कांद्यावर मनापासून विश्वास ठेवणारीही ती एकटीच.

"आणि ती चिंतनं?"

"तुझ्यासाठीच लिहायचो. तू टिपणं काढतेस ना! टिपणं काढणाऱ्या माणसाला मी काय तोंडानं सांगू? परवा तू फोनवर विचारलंस, कांदा नसता तर, तर माझे हातपाय गळाले. मला वाटलं, फुटलं. मंडळाच्या ग्रुपवर सगळ्यांना झापलं मी."

"मी आहे त्या ग्रुपवर. मला काही दिसलं नाही."

"तुझ्याशिवायचा एक हाय," ज्ञानेश म्हणाला. "त्याचं नाव 'खांदा'."

तिला रडू येणार असं वाटलं. ओठ घट्ट मिटून तिने ते थोपवून धरलं, आणि त्याच मिटलेल्या ओठांतून भलताच आवाज फुटला. ती हसत होती. ध्वनिक्षेपक तिच्या हातात असल्यामुळे ते हसू पंचवटीभर गेलं असावं. मग सगळेच सुटले. रविराजच्या हातातले कांदे पुन्हा खाली पडले.

दुसाने सरांना मात्र हसू येत नव्हतं. "म्हणजे तुम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं," ते म्हणाले, "की मी कांदा लिहिलेला नाही. तरीही तुम्ही कांदा ठेवलात?"

"सर, राग मानू नका," रविराज म्हणाला. "पण खांदा काय, पुण्यातल्या लोकांनापण असतो."

यावर शिट्ट्या वाजल्या आणि लोक कार्यक्रम संपला असं समजून भज्यांकडे निघाले.

सर सुवर्णाच्या शेजारची खुर्ची ओढून बसले. मालनबाईंनी दोघांच्या हातात बशा दिल्या. सरांनी बशीकडे पाहिलं नाही.

"मनापासून मानत होता तुम्ही?" त्यांनी विचारलं. "पूर्ण?"

"हो."

"इतका विश्वास माझ्या लिहिण्यावर माझाही नव्हता." मग त्यांच्यातला सरकारी अधिकारी जागा झाला. "पण नोंद असावी म्हणून सांगतो. पोटलीत कांदा आहे असं मी कुठेही लिहिलेलं नाही."

"नाही असंही लिहिलेलं नाही," सुवर्णा म्हणाली. प्रयोगशाळेतला आवाज तिला आपोआप लागला. "आमच्याकडे 'आढळलं नाही' असं लिहितात, सर. 'नाही' असं लिहीत नाहीत. दोन्हींत फरक असतो. आणि इथे तर लक्षण आढळलेलं आहे. पोटली सोडल्यावर युवराज रडला."

"तो बाप गेला म्हणून रडला!"

"बाप तिसऱ्या भागात गेला. रडला पाचव्यात. चौथ्या भागात तो जत्रेत गेला होता."

"जत्रेत?"

"आणि कुस्ती जिंकला. पान सत्त्याण्णव."

"बाई, लिहिणारा मी आहे," सर शेवटी म्हणाले.

"लिहिलंय तुम्हीच, सर. पण इतक्या वेळा वाचलंय मी."

मागे रविराज बशी घेऊन उभा राहून ऐकत होता. "जत्रेत तो जिलबीपण खातो," त्याने अदबीने भर घातली. "दुखवट्यात कोणी जिलबी खात नाय, सर."

सरांनी बशीतलं एक भजं उचललं. ते खाल्लं नाही, नुसतं उजेडाकडे धरून बघत राहिले. कुरकुरीत कडा, आतून डोकावणारा गुलाबी पापुद्रा. बराच वेळ ते काहीतरी जुळवत असावेत, कारण त्यांचे ओठ हलत होते.

"मालन," ते म्हणाले, "त्या पोटलीत कांदा असू शकतो."

"मग इतकी वर्षं तुम्हाला काय वाटलं होतं?" मालनबाई म्हणाल्या आणि त्यांनी सुवर्णाच्या बशीत आणखी दोन भजी वाढली.